पाहुणे किती घ्यायचे ते झऱ्याला विचारा: डोंगरातलं गेस्टहाऊस टुरिझम, सोप्या भाषेत

स्वित्झर्लंडच्या वॅले भागात टॉर्बेल नावाचं डोंगरउतारावरचं एक छोटं गाव आहे. तिथे १५१७ सालचा एक लिखित नियम आहे, की घरच्या चाऱ्यावर हिवाळाभर जेवढ्या गायी सांभाळता येतील तेवढ्याच गायी उन्हाळ्यात वरच्या सामायिक कुरणावर सोडायच्या, एकही जास्त नाही. आता उन्हाळ्यात तर वर गवतच गवत असतं, आणखी दहा गायी सोडल्या तर काय बिघडलं असं कोणालाही वाटेल, पण गावाने मोजमाप उन्हाळ्यावरून नाही धरलं, सगळ्यात कठीण महिन्यावरून धरलं. एलिनॉर ऑस्ट्रॉम, ज्यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यांनी याच गावाचं उदाहरण घेतलंय हे दाखवायला की सामायिक गोष्ट सांभाळायला दरवेळी सरकार किंवा खाजगी मालकच लागतो असं नाही, गावकरी स्वतः नियम करून शेकडो वर्षं ती टिकवू शकतात.

मला डोंगरातल्या गेस्टहाऊस टुरिझमबद्दल जे सांगायचंय ते सगळं या गायींच्या नियमात आहे. फक्त गायींच्या जागी पाहुणे ठेवा आणि चाऱ्याच्या जागी पाणी, सरपण, संडासाचा खड्डा, रस्ता आणि घरातल्या बाईची कंबर.

आधी हे नक्की कशाबद्दल चाललंय ते बघू. गेस्टहाऊस किंवा होमस्टे म्हणजे घरातलं माणूस तिथेच राहतं, दोनचार खोल्या पाहुण्यांना दिलेल्या असतात, स्वयंपाक घरातच होतो आणि पैसे घरात येतात. मॅनेजर, रिसेप्शन, शंभर खोल्या हा वेगळा धंदा झाला. डोंगराळ भागाला हे इतकं सोयीचं का पडतं, तर पृथ्वीवरच्या जमिनीचा साधारण २७ टक्के भाग डोंगराळ आहे आणि जगातली साधारण १५ टक्के माणसं तिथे राहतात, शेतं छोटी, बाजार लांब, रस्ता पावसात नाहीतर बर्फात बंद. खाली बाजारात माल नेईपर्यंत वाहतुकीतच निम्मा नफा संपतो. पर्यटक हा असा गिऱ्हाईक आहे जो स्वतःच्या खर्चाने वर चढून तुमच्या दारात येतो आणि तुमच्या शेतातली भाजी तिथेच खातो, वाहतूक शून्य. म्हणून तर संयुक्त राष्ट्रांनी २०२१ च्या ११ डिसेंबरच्या आंतरराष्ट्रीय पर्वत दिनाचा विषयच शाश्वत पर्वतीय पर्यटन ठेवला होता. शाश्वत हा शब्द ऐकून ऐकून गुळगुळीत झालाय पण अर्थ सरळ आहे, आज जे चाललंय ते तुमच्या नातवाच्या वेळेलाही चालू राहिलं पाहिजे, आणि तेही गावाने गाव म्हणून जगून.

आता पाणी. याच्यावर मी जरा जास्त वेळ घालवणार आहे कारण बाकी सगळं नंतर सुधारता येतं, पाणी नाही.

डोंगरातली बरीचशी गावं झऱ्यावर जगतात. झरा म्हणजे काय तर वर कुठेतरी पाऊस किंवा बर्फाचं पाणी मुरतं, खडकांच्या भेगांमधून हळूहळू उतरतं आणि जिथे वाट मिळते तिथे बाहेर पडतं. त्यामुळे झऱ्याचं पाणी वर्षभर सारखं नसतं, पावसानंतर जोरात आणि कोरड्या महिन्यात बारीक. आणि होतं काय की बऱ्याच ठिकाणी पर्यटकांचा सीझन आणि झरा बारीक होण्याचा काळ एकच असतो, कारण खाली मैदानात उकडायला लागलं की माणसं वर येतात. २०१८ च्या मे-जूनमध्ये शिमल्यात नळ कोरडे पडले होते आणि सध्या इथे येऊ नका असं पर्यटकांना सांगायची वेळ लोकांवर आली होती. ते तर मोठं शहर, पाणीपुरवठा खातं असलेलं. दोन झऱ्यांवरच्या गावाकडे पर्यायी सोय काहीच नसते.

झरा मोजायला इंजिनियर लागत नाही. दहा लिटरची बादली आणि मोबाईलमधलं स्टॉपवॉच पुरतं. समजा सगळ्यात कोरड्या महिन्यात बादली भरायला दोन मिनिटं लागली, म्हणजे मिनिटाला ५ लिटर, म्हणजे दिवसाला ७,२०० लिटर, अर्थात रात्रीचं पाणी साठवायला टाकी असेल तर. आता गावात ६० माणसं धरा, माणशी ५५ लिटर, झाले ३,३००. तीस गुरं, प्रत्येकी ४० लिटर, झाले १,२००. उरले २,७००. त्यातले ७०० परसातल्या भाजीला, गळतीला आणि ओहोळात वाहायला सोडा, कारण खालच्या गावालाही तेच पाणी जातं आणि पक्ष्याप्राण्यांनाही. पाहुण्यांसाठी राहिले २,००० लिटर.

हेच पाणी दोन गावांनी वापरलं तर. पहिल्या गावात शॉवर आणि फ्लशचा संडास, चादरी रोज बदलायच्या, माणशी १५० लिटर सहज जातात, म्हणजे तेरा पाहुणे. दुसऱ्या गावात अंघोळीला बादली, कोरडा संडास, चादर पाहुणा गेल्यावरच धुवायची, माणशी ७० लिटर, म्हणजे अठ्ठावीस पाहुणे. झरा तोच आणि पाहुणे दुप्पट. म्हणजे बाथरूम कसं बांधायचं हा नुसता सोयीचा प्रश्न नाहीये, गावाची कमाई किती होणार ते तिथेच ठरतंय. हे आकडे मी समजावण्यापुरते धरलेत, तुमच्या झऱ्याचे वेगळे येतील, पण गणित असंच करायचं आणि ते कोरड्या महिन्याचं करायचं. चूक इथेच होते, पावसानंतर हाच झरा मिनिटाला वीस लिटर देत असतो, ते बघून लोक चौपट खोल्या बांधून मोकळे होतात आणि मग कोरड्या महिन्यात टँकर किंवा बोअरवेल. बोअर मारली की काही वेळा त्याच खडकातलं पाणी ओढलं जातं ज्यातून झरा येतो, म्हणजे ज्याने बोअर मारली त्याच्या नळाला पाणी आणि खालच्या घरांचा झरा आटलेला.

पाणी आत आलं की घाण होऊन बाहेरही जातं, आणि हा भाग ब्रोशरमध्ये कोणी छापत नाही. सेप्टिक टँक बांधला की काम झालं असं वाटतं, पण टँकमध्ये मैला फक्त खाली बसतो आणि जिवाणू तो थोडाफार कुजवतात, बाहेर पडणारं पाणी अजून घाणच असतं, ते शोषखड्ड्यातून जमिनीत मुरताना गाळलं जातं. डोंगरात अडचणी दोन. थंडीत जिवाणू मंदावतात त्यामुळे कुजणं कमी होतं. आणि खाली माती कमी, भेगाळलेला खडक जास्त, तर पाणी न गाळता भेगेतून थेट धावतं, कदाचित खालच्या घराच्या झऱ्यात. वर सहा माणसांच्या कुटुंबासाठी बांधलेला टँक सीझनमध्ये वीस माणसं वापरतात. म्हणून कोरडा संडास मागासलेला वगैरे अजिबात नाहीये. लडाखमध्ये तो पिढ्यानपिढ्या आहे, वर बसायची खोली, खाली कोठी, मैल्यावर माती-राख टाकत जायचं आणि वर्षभराने शेताला खत. पाणी शून्य, सांडपाणी शून्य. पर्यटक वाढल्यावर लेहमध्ये फ्लशचे संडास आणि बोअरवेल दोन्ही वाढले, आणि वर्षाला जेमतेम १०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या वाळवंटी जागी हे परवडणारं नाही हे तिथलीच माणसं सांगतायत. कोरडा संडास स्वच्छ ठेवला, उजेड आणि हवा खेळती ठेवली, आणि दारावर चार ओळीत तो कसा वापरायचा आणि का आहे ते लिहिलं तर बहुतेक पाहुणे विनातक्रार वापरतात, उलट घरी जाऊन दुसऱ्यांना सांगतात.

मुरणाऱ्या पाण्याचा अजून एक धोका आहे, उतार सरकण्याचा. माती ओली झाली की वजन वाढतं आणि कणांमधली पकड सुटते. त्यातच जागा सपाट करायला उताराचा पायथा कापला, की वरच्या मातीला खालून असलेला टेकू गेला. जोशीमठ जुन्या दरडीच्या ढिगाऱ्यावर वसलंय आणि तिथे जड बांधकाम करू नका असं १९७६ च्या मिश्रा समितीने सांगून ठेवलं होतं, जानेवारी २०२३ मध्ये घरांना मोठमोठ्या भेगा पडल्या आणि लोकांना घरं सोडावी लागली. तिथली कारणं अनेक चर्चेत आहेत, पण सांडपाण्याच्या निचऱ्याची नीट सोय नसणं हे त्यातलं एक. तेव्हा नवीन मजले चढवण्याआधी जुनी रिकामी घरं बघा. इटलीत १९७६ च्या फ्रिउली भूकंपानंतर घरं दुरुस्त झाली पण राहायला माणसं नाहीत अशी गावं होती, त्यातून पुढे अल्बेर्गो दिफ्फुसो म्हणजे विखुरलेलं हॉटेल ही कल्पना आली, एका गल्लीत खोली, दुसऱ्या गल्लीत जेवणघर, सगळं जुन्याच घरांमध्ये, नवी इमारत नाही. आणि जुनी दगड-माती-लाकडाची जाड भिंतीची घरं थंडीत सिमेंटच्या खोलीपेक्षा खूप बरी असतात हे राहिलेल्या माणसाला सांगावं लागत नाही.

सरपणाचं नेपाळच्या अन्नपूर्णा भागाकडून शिकण्यासारखं आहे. तिथे ट्रेकर वाढले तसं प्रत्येक लॉजमध्ये दिवसभर चूल, गरम पाणी, शेकोटी, आणि वरची जंगलं विरळ व्हायला लागली. १९८६ मध्ये तिथे अन्नपूर्णा संवर्धन प्रकल्प सुरू झाला आणि त्यांनी जंगलाभोवती कुंपण घालून लोकांना बाहेर नाही काढलं, लॉजवाल्यांच्या समित्या केल्या, केरोसीन-गॅसकडे वळवलं, अंघोळीच्या पाण्यासाठी सोलर आणि चुलीच्याच आचेवर पाणी तापवायची व्यवस्था आणली, आणि मेन्यू-दर समितीने ठरवले म्हणजे एकमेकांचे दर पाडायची शर्यत थांबते. पर्यटकांकडून घेतलेल्या प्रवेश फीमधून ही कामं चालतात. ट्रेकरांनी प्लास्टिक बाटल्या आणू नयेत म्हणून वाटेत शुद्ध पाणी भरून द्यायची केंद्रंही काढली. बाटल्यांचं आणखी एक उदाहरण सिक्कीममधल्या लाचेनचं, तिथल्या पारंपरिक गावसभेने २०१२ मध्ये पाण्याच्या प्लास्टिक बाटल्यांवर बंदी घातली, आणि राज्यभर तसा नियम यायला त्यानंतर दहा वर्षं गेली. गाव आधी, सरकार नंतर. वर जाणारी प्रत्येक बाटली कोणाच्यातरी पाठीवरून खाली आणावी लागते, नाहीतर तिथेच जळते.

आता पैसा, कारण खरी भांडणं तिथे होतात. पाहुण्याने दिलेल्या १०० मधले गावात किती राहिले हा एकच प्रश्न विचारत राहायचा. बाहेरच्या मालकाच्या हॉटेलात गावात राहतो तो फक्त झाडूपोछा करणाऱ्याचा पगार. घरच्या गेस्टहाऊसमध्ये जास्त राहतात, पण तिथेही गळती असते, बुकिंग साईटचं कमिशन बऱ्याचदा १५ टक्क्यांच्या आसपास जातं, मग खालून मागवलेलं पाकिटबंद खाणं, बांधकामाच्या कर्जाचं व्याज. म्हणून दूध, भाजी, लोकर, वाटाड्या, सामान वाहणारी खेचरं हे जेवढं गावातून घ्याल तेवढी ती फट बुजते, आणि ज्या घरात द्यायला खोली नाही त्या घरालाही दोन पैसे मिळतात. हे फार महत्त्वाचं आहे, कारण गेस्टहाऊस कोणाचं होतं? ज्याचं घर आधीच मोठं, रस्त्यालगत, ज्याच्या मुलाला इंग्रजी येतं. पाणी मात्र सगळ्यांच्या झऱ्याचं जातं.

लडाखमध्ये यावर एक सुंदर तोडगा आहे. हेमिस नॅशनल पार्कमधल्या रुंबाकसारख्या गावांमध्ये हिमबिबट्या गोठ्यात शिरून शेळ्या-मेंढ्या मारायचा, मग लोक चिडून त्याला मारायचे. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत स्नो लेपर्ड कन्झर्वन्सीने गावकऱ्यांबरोबर गोठे वरून जाळी लावून पक्के केले आणि हिमालयन होमस्टे सुरू केले. पाहुणे पाळीने, आज या घरी, पुढचे त्या घरी, म्हणजे रस्त्याजवळच्या घराने सगळे पाहुणे खेचून घ्यायचे असं होत नाही. कमाईचा एक हिस्सा गावाच्या संवर्धन निधीत. परिणाम असा की जो प्राणी फक्त नुकसान करायचा तोच आता पाहुणे आणतो, आणि त्याला वाचवण्यात लोकांचा स्वतःचा फायदा आहे. पाळीपद्धत ऐकायला सोपी वाटते पण ती टिकवायला कोणीतरी वही सांभाळणारा आणि त्या वहीवर सगळ्यांचा विश्वास लागतो. किर्गिझस्तानमध्ये २००० च्या सुमारास स्विस संस्था हेल्वेटासच्या मदतीने गावागावात होमस्टेवाल्यांचे गट उभे राहिले, तिथे हे काम गटाचं एक छोटं ऑफिस करतं, पाहुणा आधी तिथे येतो, तिथून घर ठरतं, दर ठरलेले, घरांची प्रतवारीही ठरलेली.

माणसांचं काय. डॉक्सी नावाच्या अभ्यासकाने १९७५ मध्ये एक साधी शिडी मांडली, पर्यटक यायला लागले की गाव आधी खुश असतं, मग सवय होते, मग त्रास वाटायला लागतो, मग राग. प्रत्येक गाव शेवटच्या पायरीवर जातंच असं नाही, पण आपण कुठल्या पायरीवर आहोत हे अधूनमधून विचारलं पाहिजे, आणि विचारायचं फक्त गेस्टहाऊसवाल्यांना नाही, शेजाऱ्यांना. आणि घरातल्या बायकांना. पहाटे पाचला उठून पाहुण्यांचा चहा, नाश्ता, चादरी, भांडी, रात्रीचं जेवण, आणि शेतातलं काम तर कमी झालेलंच नसतं, कागदावर मालक नवरा आणि बँकेतलं खातं त्याचं. मला हे बघून खरंच वाईट वाटतं, कारण पाहुणे परत येतात ते तिच्या हातच्या पाहुणचारासाठी. तेव्हा पैसे तिच्या खात्यात, आठवड्यात एक दिवस पाहुणे बंद, आणि जेवायची वेळ ठरलेली, हे तीन नियम मी कुठल्याही ट्रेनिंग कोर्सच्या आधी ठेवेन.

शेती सोडायची नाही, हेही. २०२० मध्ये पाहुणे एका आठवड्यात शून्य झाले. ज्यांनी शेत पडीक टाकून, गुरं विकून, कर्ज काढून खोल्या बांधल्या होत्या त्यांच्याकडे हप्ता राहिला आणि ज्यांचं शेत चालू होतं त्यांच्याकडे निदान धान्य होतं. दरड कोसळून रस्ता बंद झाला, भूकंप झाला, सीमेवर तणाव झाला, डोंगरात असं काहीना काही होतच असतं. शिवाय पाहुणा बघायला येतो ती पायऱ्यापायऱ्यांची हिरवी शेतं कोणीतरी कसतंय म्हणून आहेत, कसणं थांबलं की बांध ढासळतात, माती वाहते. ऑस्ट्रियात अल्पाइन क्लबने २००८ पासून गिर्यारोहकांची गावं असं एक जाळं चालवलंय, त्यात यायला गावात मोठाले रिसॉर्ट नकोत, गाव छोटं हवं आणि शेती-कुरणं जिवंत हवीत. लिफ्ट आणि झगमगाट नसणं हीच तिथली जाहिरात आहे.

मग सुरुवात कशी करायची असं कोणी विचारलं तर मी म्हणेन पहिलं वर्ष बांधूच नका काही. असलेल्या घरातल्या दोन खोल्या नीट करा, खिडक्यांच्या फटी बुजवा, जाड गाद्या करा. दर रविवारी झऱ्यावर बादली आणि घड्याळ घेऊन जा आणि आकडा वहीत लिहा. त्याच वहीत किती पाहुणे आले, किती सरपण जळलं, किती कचरा खाली पाठवला, कोणाकडून काय विकत घेतलं ते लिहा. सीझन संपला, पाहुणे गेले, बर्फ पडायच्या आत सगळ्या घरांना एकत्र बसवा, ज्यांच्याकडे खोल्या नाहीत त्यांनाही, आणि ती वही मोठ्याने वाचून दाखवा. सगळ्यात कमी पाण्याच्या रविवारचा आकडा सापडेल, त्यावरून पुढच्या वर्षी गावात एका रात्री जास्तीत जास्त किती पाहुणे ते ठरवा, घरांची पाळी ठरवा, आणि तो आकडा पंचायतीच्या भिंतीवर रंगाने लिहून टाका, म्हणजे बुकिंगचा फोन आला की कोणालाही तिकडे बोट दाखवून नाही म्हणता येईल.